धूप म्हणजे ऊन नव्हे

(पावसाचे पाणी उघड्या जमिनीवरची माती वाहून नेते. ती माती नदीत जाते आणि मग नदीचेही रूप बदलते. हवामान, झाडेझुडपे, माती आणि नदी यांचे नाते लेखकाने या पाठात प्रवरा नदीच्या काठची उदाहरणे घेऊन सांगितले आहे.)

तास भूगोलाचा नव्हता, मराठीचा होता. मी फळ्यावर एक वाक्य लिहिले – 'पावसाने जमिनीची धूप होते.' मुलांनी ते वहीत उतरवून त्याचा अर्थ लिहावा, एवढेच काम होते. थोड्या वेळाने पाहतो तर अर्ध्या वर्गाने लेखणी खाली ठेवलेली. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि अदबीने म्हणाला, "सर, वाक्य चुकले आहे. पाऊस पडत असताना धूप कशी होईल? धूप तर पाऊस थांबल्यावर पडते."

वर्ग हसला. मलाही हसू आले. पण त्या मुलाचे काही चुकले नव्हते. आपल्या उर्दूत धूप म्हणजे ऊन. मराठीत मात्र धुपणे म्हणजे पाण्याने झिजणे, हळूहळू वाहून जाणे. उर्दूत आपण ज्याला जमिनीचा 'कटाव' म्हणतो, ती ही मराठी धूप. आणि जाळल्यावर सुगंध देतो तो धूप तिसराच. एका शब्दाची तीन घरे!

शब्द कळला. पण खरी गोष्ट कळायची राहिली होती. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही एक प्रयोग केला.

तेलाचे दोन रिकामे डबे आडवे कापून त्यांची दोन पसरट भांडी केली. एकात शाळेच्या मैदानातली सुटी माती भरली. दुसऱ्यात हरळीच्या मुळांसकट कापून आणलेला मातीचा थर ठेवला. दोन्ही भांड्यांच्या एका टोकाखाली वीट ठेवून उतार दिला आणि खालच्या टोकाशी काचेचा एकेक पेला ठेवला. मग दोन मुलींनी झारीने दोन्हींवर सारखेच पाणी घातले. उघड्या मातीवरून आलेले पाणी दाट चहासारखे होते. हरळीतून आलेले पाणी जवळजवळ निवळ होते. हे सर्वांनी पाहिले. पण आणखी एक गोष्ट फक्त एका मुलीच्या लक्षात आली. ती म्हणाली, "सर, हा पेला भरला, तो अर्धाही भरला नाही. आणि त्यात पाणी उशिरा आले."

शाबास! प्रयोगातली मुख्य गोष्ट तीच होती. हरळीखालच्या मातीत मुळांनी, किड्यामुंग्यांनी, गांडुळांनी बारीक वाटा केलेल्या असतात. त्या वाटांनी पाणी खाली मुरते. उघडी माती मात्र पहिल्या सरीतच चोपून घट्ट होते. तिच्यावर साय धरल्यासारखा थर बसतो आणि पाणी आत न शिरता वरून पळत सुटते. पळणारे पाणी म्हणजे माती नेणारे पाणी.

मुलांनो, पावसाचा थेंब दिसायला नाजूक असतो. पण मोठा थेंब जमिनीवर आदळतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे ९ मीटर, म्हणजे ताशी ३० किलोमीटरहून अधिक असतो. आपल्या गावातल्या एखाद्या चुना दिलेल्या भिंतीचा खालचा भाग पावसाळ्यानंतर पाहा. जमिनीपासून हात-दीड हात उंचीपर्यंत तांबड्या-काळ्या मातीचे शिंतोडे दिसतील. ती माती तिथे कोणी फेकली? थेंबांनीच. भिंत नसती तर ते कण उडून उतारावर थोडे खाली पडले असते, पुढच्या थेंबाने आणखी खाली. गवताचे पाते हा मार स्वतःवर झेलते आणि पाणी अलगद जमिनीवर सोडते.

इथे एक गंमत सांगतो. झाड असले की धूप थांबते, असे आपण घोकतो. ते पूर्ण खरे नाही. सागाची पाने मोठी असतात. त्यांवर साठलेले पाणी मोठ्या थेंबांनी उंचावरून खाली पडते. सागाखाली गवत नसेल, पालापाचोळा जळून किंवा झाडून गेला असेल, तर त्या झाडाखालीही माती धुपते. म्हणजे आकाशाकडे गेलेल्या फांद्यांपेक्षा जमिनीलगतचे गवत आणि पाचोळा यांचे काम मोठे. वृक्षारोपणाच्या दिवशी आपण रोप लावतो, फोटो काढतो आणि खालचे गवत मात्र 'स्वच्छता' म्हणून उपटून टाकतो. ते मला कधीच पटलेले नाही.

आता तुम्हांला एक प्रश्न विचारतो. मी वर्गातही हाच विचारला होता. राजस्थानातले जैसलमेर, आपला नेवासे तालुका आणि कोकणातले चिपळूण या तीन ठिकाणांची नावे घ्या. जैसलमेरला पाऊस अगदी थोडा. आपल्याकडे वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास. चिपळूणला तीन हजार मिलिमीटरहून अधिक. जमिनी जशा निसर्गाने ठेवल्या तशाच राहिल्या, तर पावसाने सर्वांत जास्त माती कुठली वाहील?

सगळा वर्ग एका आवाजात म्हणाला, "चिपळूण!"

असेच कोणालाही वाटेल. लँगबाईन आणि शुम या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी त्यांच्या देशातील अनेक नद्यांचा गाळ आणि तिथला पाऊस यांची तुलना करून १९५८ साली एक आलेख प्रसिद्ध केला. त्यातून वेगळेच उत्तर निघाले. अगदी कमी पावसाच्या वाळवंटात माती उघडी असते, पण ती वाहून न्यायला पाणीच नसते. भरपूर पावसाच्या प्रदेशात पाणी खूप असते, पण जमिनीवर रानाचे पांघरूण असते. मधल्या, म्हणजे अर्धकोरड्या प्रदेशात पंचाईत होते. तिथे गवत विरळ असते आणि पाऊस आला की मुसळधार येतो. म्हणून सर्वांत जास्त गाळ तिथून येतो. त्यांच्या आलेखात हे शिखर वर्षाला सुमारे ३०० मिलिमीटर पावसाजवळ होते. मात्र उष्ण प्रदेशात पाणी लवकर उडून जाते, त्यामुळे तिथे हे शिखर अधिक पावसाकडे सरकते, हेही त्यांनी सांगितले. पुढच्या संशोधकांना या नियमाला बरेच अपवाद सापडले. विशेषतः आपल्यासारख्या मोसमी पावसाच्या देशात वर्षाचा पाऊस चार महिन्यांत कोसळतो, तेव्हा हिशेब बदलतो. कोकणातला डोंगर उघडा केला तर तिथला तोच पाऊस केवढी माती खाली आणील, याची कल्पना करा. परंतु मूळ मुद्दा टिकून आहे. पाऊस एका हाताने माती नेतो आणि दुसऱ्या हाताने गवत उगवून तीच माती धरून ठेवतो. कोणता हात बळकट ठरेल ते हवामानावर आणि आपल्यावर अवलंबून असते.

हा मुद्दा डोळ्यांनी पाहायला आम्ही हिवाळ्यात एस.टी.ने नेवासे येथे गेलो. नेवासे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरा नदीच्या काठी आहे. १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते हेच गाव. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील डॉ. सांकळिया, डॉ. शां. भा. देव आणि डॉ. झेड. डी. अन्सारी यांनी १९५४ ते १९५६ या काळात इथे उत्खनन केले आणि हे गाव जगभरच्या पुरातत्त्वज्ञांना ठाऊक झाले. इथल्या नदीकाठी मिळालेल्या एका विशिष्ट प्रकारच्या दगडी हत्यारांना तर सांकळियांनी या गावाचेच नाव दिले.

आम्ही नदीत उतरलो. पाणी थोडेच होते. दोन्ही बाजूंना पिवळसर मातीच्या उभ्या भिंती होत्या, दोन-तीन मजली घराएवढ्या उंच. मुलांनी हात लावून पाहिले. माती मऊ, पोयट्यासारखी. तिच्यात चुनखडीचे पांढरे खडे. आणि काही ठिकाणी अगदी तळाशी गोल गोटे एकमेकांना घट्ट चिकटून दगडासारखे झालेले.

मी विचारले, "ही माती कोणी आणली?"

"नदीने."

"नदी तर खाली वाहते. मग गाळ एवढा उंच कसा?"

एक जण म्हणाला, "मोठा पूर आला असेल." पण एका पुराने एवढी उंच भिंत उभी राहत नाही. मुले गप्प झाली. मी त्यांना हमालाची गोष्ट सांगितली.

नदी म्हणजे हमाल समजा. तिची ताकद म्हणजे पाणी आणि तिच्या डोक्यावरचे ओझे म्हणजे गाळ. ओझे जास्त आणि ताकद कमी असेल तर हमाल काय करील? वाटेतच ओझे उतरवील. नदीही तेच करते. गाळ पात्रात टाकते, पात्र उथळ आणि रुंद होते, प्रवाह अनेक फाट्यांत विभागतो आणि वर्षानुवर्षे नदीचा तळ वर वर येत जातो. याउलट ताकद जास्त आणि ओझे कमी असेल तर नदी मोकळ्या हातांनी निघते आणि स्वतःचाच तळ खणू लागते. मग पात्र अरुंद आणि खोल होते.

सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी पृथ्वीवर हिमयुगाचा कडाका होता. आपल्याकडे बर्फ नव्हते, पण समुद्र आणि जमीन आजच्यापेक्षा थंड असल्यामुळे मोसमी वारे दुबळे झाले होते. पाऊस कमी झाला. डोंगरउतारावरचे रान विरळ झाले. ज्या काही सरी येत, त्या उघडी माती खाली ओढून आणत. प्रवरा, घोड, गोदावरी यांच्याकडे ओझे वाढले आणि पाणी घटले. त्यांनी आपली पात्रे गाळाने भरून टाकली. पुढे सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी हवामान बदलले. पावसाळा पुन्हा जोरदार झाला, डोंगर हिरवे झाले, मुळांनी माती धरली. आता नदीकडे पाणी भरपूर आणि गाळ थोडा! तिने आपल्याच जुन्या गाळात खोल वाट कापली. आम्ही ज्या भिंतींना हात लावत होतो, त्या म्हणजे जुन्या भरलेल्या पात्राच्या कापलेल्या कडा होत्या.

"म्हणजे पाऊस कमी झाला तेव्हा माती जास्त आली?" त्या शेवटच्या बाकावरच्या मुलाने विचारले. चिपळूणचे उत्तर त्याला आता कुठे पटले होते.

त्या कोरड्या काळाचा एक पुरावा ऐका. जळगाव जिल्ह्यात चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची कवचे मिळाली. ती सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीची आहेत आणि एका तुकड्यावर माणसाने कोरलेली नक्षीही आहे. शहामृग, म्हणजे आपला शुतुरमुर्ग, दाट जंगलात राहत नाही. त्याला मोकळे, कोरडे माळरान लागते. खानदेशात शुतुरमुर्ग धावत होते, हे ऐकून मुलांना नदीपेक्षाही जास्त आनंद झाला. परतीच्या वाटेवर सगळी चर्चा त्याच पक्ष्याची चालली होती.

पात्र गाळाने भरत गेले की नदी कधी कधी वाटच बदलते. याचे सर्वांत मोठे उदाहरण चीनमधील ह्वांग हो नदीचे आहे. ती ज्या पठारावरून येते ते वाऱ्याने आणलेल्या मऊ पिवळ्या मातीचे आहे. तिथला पाऊस अर्धकोरड्या प्रदेशातला, आणि उतारावरची झाडे शेतीसाठी शतकानुशतके तोडलेली. एके काळी ती नदी वर्षाला सुमारे १६० कोटी टन गाळ वाहून नेत असे. तिचा तळ बांधांच्या आत आजूबाजूच्या शेतांपेक्षाही उंच झाला. १८५५ साली तिने बांध फोडला आणि तिचे मुख शेकडो किलोमीटर उत्तरेकडे सरकले. अलीकडच्या दशकांत त्या पठारावर पायऱ्यांची शेते झाली, गवत आणि झाडे वाढवली गेली, धरणेही बांधली गेली. आता तिचा गाळ पूर्वीच्या एक चतुर्थांशाहूनही कमी झाला आहे.

आपल्याकडे पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथेही डॉ. अन्सारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ पासून अनेक वर्षे उत्खनन केले. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांनी पुराचे पाणी वळवण्यासाठी दगडमातीचा बांध घातला होता आणि पाट काढला होता. पुढे, तीन हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास, तिथली ऐसपैस चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या आणि लोक शिकारीवर अधिक अवलंबून राहू लागले. पाऊस कमी होत गेल्यामुळे असे झाले असावे, असे उत्खनन करणाऱ्यांचे मत होते. सर्व अभ्यासक हे मानत नाहीत. पण गोल झोपड्यांचे ते खळगे मी पुस्तकातल्या चित्रात पाहिले, तेव्हा मला आमचेच घर आठवले. ते का, ते सांगतो.

माझे आजोबा पारनेर तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी कामावर खडी फोडली आणि बांधबंदिस्तीच्या कामावरही ते गेले. तिथे शिकून त्यांनी आपल्या उताराच्या शेतात दगडांची एक लांब ताल घातली. ताल म्हणजे उतार अडवणारा दगडी बांध. त्या तालीमागे चांगली माती साठली आणि बाजरीबरोबर तूरही येऊ लागली. आजोबा गेल्यावर एका पावसाळ्यात ताल मधोमध फुटली. दोन दिवसांचे काम होते. पण अब्बा तेव्हा शहरात मजुरीला जात, चुलते आपापसांत बोलत नसत, आणि 'माझ्या बाजूची फुटली नाही' असे प्रत्येकाचे म्हणणे. तीन पावसाळ्यांत खालचा मुरूम उघडा पडला. शेवटी अब्बांनी ते शेत पडत्या भावाने विकले. त्याच पैशांतून माझे बी.एड. झाले. म्हणून वर्गात 'धूप' हा शब्द लिहिताना मला नुसता शब्द दिसत नाही.

सहलीनंतर चार दिवसांनी तो शेवटच्या बाकावरचा मुलगा मला त्यांच्या शेतावर घेऊन गेला. शेत नदीच्या थडीला, त्याच पिवळ्या मातीवर. नदी खोल गेलेली, म्हणून शेतातले पाणी तिच्यात उतरताना उंचावरून कोसळते. कोसळता कोसळता खालची माती पोखरते, मग वरची कड ढासळते आणि घळ शेताच्या आत सरकते. मुलाचे वडील कडेवर उभे राहून म्हणाले, "सर, माझ्या वालिदांच्या वेळी ही घळ लहान पोरे उडी मारून ओलांडायची. आता हिच्यात बैलगाडी मावेल. अर्धा एकर गेला. सातबाऱ्यावर मात्र तो अजून आहे!"

मी त्यांना काय सांगणार? मी मराठीचा शिक्षक. पण याच जिल्ह्यातील हिवरे बाजारचे उदाहरण मला माहीत होते. चारशे मिलिमीटरच्या आसपास पावसाच्या त्या गावाने १९९० च्या सुमारास डोंगरावर समपातळी चर खणले, ओढ्यांवर बांध घातले आणि कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली. काही वर्षांत गवत वाढले आणि विहिरींना पाणी आले. 'चराईबंदी' म्हणताच ते हसले. "आमच्या सहा शेळ्या आहेत. त्या विकल्या तर याच्या वह्यापुस्तकांचे काय?" त्यांचेही खरे होते. पुष्कळ चर्चेनंतर एवढे ठरले, की घळीच्या तोंडाजवळची दहा-बारा पावलांची पट्टी तेवढी शेळ्यांना बंद करायची, तिथे हरळी लावायची आणि पाणी एकदम कोसळू नये म्हणून वर दगडांची आडवी रांग रचायची. शेळ्यांना कापलेले गवत घालण्याचे काम मुलाकडे आले. त्याने ते तोंड वाकडे करून स्वीकारले.

जूनच्या आरंभी वर्गातल्या मुलांनी घळीच्या तोंडापासून शेताच्या आत एकेका मीटरवर बाभळीच्या सहा खुंट्या ठोकल्या. घळ किती सरकते ते मोजायचे होते. शेजारी, जिथे काहीच केले नव्हते, त्या दुसऱ्या घळीपाशीही तशाच सहा ठोकल्या. ऑक्टोबरमध्ये पुन्हा गेलो. उघड्या घळीच्या तीन खुंट्या वाहून गेल्या होत्या. हरळीच्या बाजूची एक गेली होती आणि दुसरी कलली होती. मुलाच्या वडिलांनी कललेली खुंटी हलवून पाहिली आणि विचारले, "ही गेली धरायची, की राहिली?"

मुलाने वहीत 'राहिली' असे लिहिले. पुढच्या जूनमध्ये पुन्हा मोजायचे आहे.

शब्दार्थ

धुपणे – पाण्याने झिजून वाहून जाणे. हरळी – जमिनीला धरून पसरणारे गवत. निवळ – स्वच्छ, गाळ नसलेले. पोयटा – नदीने आणून टाकलेली मऊ, सुपीक माती. मुरूम – मातीखालचा भुसभुशीत दगड. घळ – पाण्याने कापलेली अरुंद, खोल वाट. थडी – नदीचा काठ. समपातळी चर – उताराला आडवे, एकाच उंचीवर खणलेले चर. सातबारा – जमिनीची सरकारी नोंद. पडत्या भावाने – कमी किमतीला.

स्वाध्याय

१. 'वाक्य चुकले आहे' असे मुलाला का वाटले?

२. हरळीच्या भांड्याखालचा पेला अर्धाही का भरला नाही?

३. पाऊस कमी असलेल्या काळात प्रवरा नदीचे पात्र गाळाने का भरले? हमालाचे उदाहरण वापरून सांगा.

४. 'सातबाऱ्यावर मात्र तो अजून आहे!' या वाक्यातील दुःख तुमच्या शब्दांत लिहा.

५. उर्दूत आणि मराठीत दिसायला सारखे, पण अर्थाने वेगळे असे आणखी तीन शब्द शोधा व त्यांचा वाक्यांत उपयोग करा.

६. तुमच्या गावातील ओढा किंवा नदी पूर्वी कशी होती, ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.